कपेलं बाद

महेंद्र मोहिते सरांनी भर सोसायटीसमोर स्वतःच्या बायकोचा शब्द बाद केला, तेव्हा आपण फार मोठा न्याय केला असं त्यांना वाटलं. बायकोच्या बाजूने निकाल दिला असता तर लोक बोलले असते, हा एक भाग. दुसरा भाग असा, की सर गेली सव्वीस वर्षं रत्नागिरीत मराठी शिकवत होते आणि चुकीचा शब्द कानावर पडला की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

निमित्त मराठी भाषा गौरव दिनाचं होतं. खरा दिन शुक्रवारी होऊन गेला होता, पण शुक्रवारी सगळे कामाला जातात म्हणून समुद्रदर्शन सोसायटीने भाषेचा गौरव रविवारी संध्याकाळी ठेवला. या सोसायटीतून समुद्र दिसत नाही. गच्चीवरच्या टाकीवर चढलं तर मांडवीच्या बाजूला एक निळी रेघ दिसते, तेवढ्यावर बिल्डरने हे नाव ठेवलं होतं. तर खाली पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, एका बाजूला ए विंग, दुसऱ्या बाजूला बी विंग आणि मधे प्लास्टिकच्या खुर्चीत पंच म्हणून मोहिते सर.

खेळ पदार्थांच्या भेंड्यांचा. चिठ्ठीतून एक अक्षर काढायचं आणि त्या अक्षरावरून सुरू होणारे खाण्याचे पदार्थ दोन्ही विंगांनी आळीपाळीने सांगायचे. दहा आकडे मोजेपर्यंत सुचला नाही तर हार. बक्षीस होतं बिडाचा तवा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा जाडजूड. तो तवा टेबलावर ठेवल्यापासून दोन्ही विंगांतल्या बायकांचं भाषाप्रेम एकाएकी वाढलं होतं.

शेवटच्या फेरीत 'क' निघाला. करंजी, कढी, कोशिंबीर, कटाची आमटी असं करत करत एकेकजण गळत गेला आणि दोघीच उरल्या. ए विंगकडून नसीमा होडेकर आणि बी विंगकडून सरांची बायको करुणा. कुळथाची पिठी गेली, काजूची उसळ गेली, कोळंबीभात गेला. 'केळ्याचे काप' हा एक पदार्थ की दोन, यावर पाच मिनिटं गेली. मग नसीमाने "कलेजी" म्हणून पदर सावरला आणि करुणाकडे पाहिलं.

नसीमाचा नवरा नझीर आकडे मोजायला होता. तीस वर्षं त्याने जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली होती आणि आता निवृत्त होऊन तो बायकोच्या हाताखाली होता.

"सात... आठ..."

करुणाने डोळे मिटले. सकाळी तव्यावर शेवटी काय टाकलं होतं ते तिला दिसलं.

"कपेलं!"



"काय?" नसीमा म्हणाली.

"कपेलं."

"ते काय असतं गो?"

"घावनांचं पीठ शेवटी तळाला थोडं उरतं ना? त्यात कांदा, खोबरं, मिरची घालायची. भांडं विसळलेलं पाणी त्यातच घालायचं. आणि मंद आचेवर कडा काळ्या होईपर्यंत ठेवायचं. ते कपेलं."

"आमच्याकडे त्याला काही म्हणत नाहीत. उरलं तर उरलं, टाकलं तव्यावर. सर, असा शब्द हाय काय मराठीत?"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. खरी गोष्ट अशी होती की सरांनी त्याच दिवशी सकाळी दोन कपेली खाल्ली होती. दुसरं तर मागून खाल्लं होतं. जन्मापासून ते कपेलं खात आले होते आणि त्याला कपेलंच म्हणत आले होते. पण खाणं वेगळं आणि पंचगिरी वेगळी. त्यांनी शेजारच्या स्टुलावरचा जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला आणि बोट फिरवत 'कपिला'पाशी आले. पुढचा शब्द होता 'कपोत'. म्हणजे इकडे गाय होती, तिकडे कबुतर होतं आणि मधे खाण्यासारखं काही नव्हतं.

"शब्द बाद," सर म्हणाले. "जे शब्दकोशात नाही, ते मराठीत नाही."

ए विंगने टाळ्या पिटल्या. नसीमाने तवा दोन्ही हातांनी उचलला. करुणा फक्त "बरं" म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाने त्या 'बरं'चा अर्थ आधी पाहायला हवा होता, पण सर शब्दकोश पिशवीत भरत होते.

जिन्यापाशी नसीमा भेटली. तवा नझीरच्या हातात होता आणि सव्वादोन वर्षांची नात मनाल तिच्या कडेवर.

"पानी," मनाल म्हणाली.

"पाणी," सर थांबून म्हणाले. "ण, बाणाचा ण. म्हण बघू, पा-णी."

"पानी."

"पा-णी."

"सर, तिला आधी पिऊ द्या," नसीमा म्हणाली. "मग शिकवा."

सोमवारी सकाळी करुणाने घावनं केली. सर चार घावनं खाऊन पाचव्यासाठी ताट पुढे करून बसले. करुणाने पिठाचं भांडं उचललं, नळाखाली धरलं आणि स्वच्छ धुऊन पालथं घातलं.

"अगं! ते राहिलं ना!"

"काय राहिलं?"

"ते... शेवटचं."

"शेवटचं घावन तुमच्या पोटात गेलं."

"घावन नाही गं. ते कडेने कुरकुरीत, कांदा-खोबऱ्याचं."

"असं वर्णन कोड्यात घालतात. पदार्थाला नाव असतं. नाव सांगा, लगेच करते."

सरांच्या ओठांवर शब्द आला आणि तिथेच थांबला. सोसायटीच्या बेचाळीस सभासदांसमोर त्यांनी तो शब्द नाही म्हणून सांगितलं होतं, आता स्वयंपाकघरात त्यालाच हाक कशी मारायची? ते डबा घेऊन शाळेत गेले.

डब्यात भाजी होती ती अळणी. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मीठ संपलंय का?"

"नाही. पण आता मी शब्दकोशात बघून स्वयंपाक करणार आहे. उगाच मराठीत नसलेलं काही तुमच्या पोटात जायला नको. 'अ'पासून सुरुवात केलीय. 'अळणी' आहे त्यात, खूण घालून ठेवलीय. पाहिजे तर बघा."

मंगळवारी पुन्हा अळणी. बुधवारी सकाळी करुणा म्हणाली, "उद्यापासून 'आ'. आंबोण दिसलं मला."

"आंबोण म्हणजे गुरांचं खाणं!"

"पण शब्द आहे."

करुणा चिडली नव्हती, आवाजही चढवत नव्हती. ती कचेरीत अठरा वर्षं आवक-जावक सांभाळत होती, आणि नियमावर बोट ठेवून माणसाला कसा घाम फोडायचा हे तिला शाळामास्तरापेक्षा जास्त कळत होतं.

अशात बुधवारी दुपारी सरांच्या आईचा फोन आला. सुंदराबाई वेळणेश्वरच्या जवळ गावी एकट्या राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी, आवाज अठ्ठेचाळीसचा.

"बाला, शनवारी येतंय मी. फेरीबोटीनं येईन. डोलं दाकवायचं हायत. आन् करुनाला सांग, सकालच्याला कपेलं कर म्हनावं. हितं एकटीपुरतं केलं तर पीठच उरत नाय बघ."

सर "हो आई" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. आई चौथी शिकलेली. तिने दुसऱ्यांच्या शेतात राबून मुलाला मराठीचा मास्तर केला होता. आख्ख्या रत्नागिरीत सर ज्यांच्या तोंडातला शब्द दुरुस्त करत नसत अशी ती एकच बाई होती. आणि तिच्या तोंडचा शब्द त्यांनी गाय आणि कबुतर यांच्या मधे सापडत नाही म्हणून टाकून दिला होता.

"आई आली की करशील ना ते?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

"आईंना का उपाशी ठेवू? त्यांचा काय दोष?" करुणा म्हणाली. "करीन. पण त्यांनी 'कपेलं दे' म्हटलं की सांगीन, आई, असा शब्द नाही. मुलाने निकाल दिलाय तुमच्या."

"करुणा, असं नको करू."

"मग निकाल बदला."

"असा कसा बदलू? पुरावा लागतो."

"मग शोधा. शनिवारपर्यंत आहे वेळ."

आता कोणी म्हणेल, एवढं काय? खाली जावं, चुकलं म्हणावं, वर यावं, कपेलं खावं. पण मास्तर माणसाला 'चुकलं' हा शब्द वहीत लाल पेनने लिहायला येतो, तोंडाने म्हणायला येत नाही. सर पुरावा शोधायला बाहेर पडले.

मांडवीच्या जेटीवर नझीर गळ टाकून बसला होता. सर त्याच्या शेजारी टेकले. आधी माशांची चौकशी केली, मग वाऱ्याची, आणि मग सहज सुचल्यासारखं विचारलं, "नझीरभाई, तुम्ही एवढे देश फिरलात. कपेलं हा शब्द कुठे कानावर आला होता का?"

नझीरने समुद्राकडे पाहत विचार केला. "पोर्तुगीज असनार."

"कशावरून?"

"सर, पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, काजू त्यांचा. आपल्या खान्यात जे कुठून आलं ते कलत नाही, ते पोर्तुगीज."

हा पुरावा नव्हे, हे सरांना समजत होतं. पण तीन दिवस अळणी जेवलेला माणूस पुराव्याच्या बाबतीत फार चिकित्सा करत नाही.

"हे आपल्या दोघांतच ठेवा हां," ते म्हणाले.

"तोबा! मी कुनाला बोलतोय?"

नझीर खरंच कोणाला बोलला नाही. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. 'कपेलं हा पदार्थ पोर्तुगीजांनी आणला, असे मोहिते सरांचे संशोधन आहे.'

गुरुवारी सकाळी शाळेच्या स्टाफरूममध्ये तोच मजकूर सरांना त्यांच्याच एका सहकाऱ्याने दाखवला. तोपर्यंत तो वाटेत बराच वाढला होता. 'आपणांस माहीत आहे का? पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज खलाशी रोज सकाळी एक कपेलं खात व सहा महिने समुद्रात आजारी पडत नसत. आपल्या मुलांना सांगा. पुढे पाठवा.'

"आमच्या आजीच्या हातचं कपेलं काय असायचं!" सहकारी म्हणाला.

"तुमच्याकडे करायचे?" सरांचे डोळे चमकले.

"करायचे म्हणजे काय! गूळ घालून."

"गूळ?"

"नाही नाही, वरून साखर."

संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी लहानपणी कपेलं खाल्लेलं निघालं. रविवारी टाळ्या पिटणारेच यात पुढे होते. ए विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांना तर ते खाऊनच मूळव्याध बरी झाली होती.

या सगळ्यात हाल झाले नझीरचे. नसीमाने रविवारी रात्रीच तवा घरी नेऊन मुरवायला घेतला होता. बिडाचा नवा तवा म्हणजे कच्चं मूल. त्याला रोज तेल लावायचं, कांदा चोळायचा, तापवायचा, निववायचा, पुन्हा तेल लावायचं. चार दिवसांत त्याच्यावर चांगला काळा तुकतुकीत रंग धरला होता. आणि आता ग्रुपवर लोक विचारू लागले होते की शब्द खरा असेल तर तवा कुणाचा?

"सवताच्या बायकोच्या इरुद्ध साक्ष देतोस?" नसीमाचा आवाज बी विंगपर्यंत आला.

"मी फक्त इतिहास सांगितला."

"इतिहास सांगायचा तर तवा मुरवायच्या आधी सांगायचा!"

स्वतःच्या बायकोविरुद्ध जाणारा या सोसायटीत आपण एकटाच नाही, एवढं समाधान सरांना त्यातून मिळालं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते मांडवीवरून येत होते, तर बाबल्याच्या टपरीवर पाटी लागलेली. 'अस्सल पोरतूगीज कपेल मिळेल.' सरांना एरवी ती पाटी तिथल्या तिथे दुरुस्त करावीशी वाटली असती. पण त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पाच दिवस! त्यांनी एक प्लेट मागवली. बाबल्याने वडे तळून उरलेला चुरा बेसनात घोळवला, तव्यावर थापला आणि वर शेव भुरभुरली.

"हे कपेलं नाही!" पहिल्या घासालाच सर ओरडले.

"का हो सर?"

"कपेलं असं नसतं. त्यात तांदळाचं पीठ लागतं. ओलं खोबरं लागतं. त्याच्या कडा—"

"सर," बाबल्या शांतपणे म्हणाला, "तुम्हीच बोल्लात ना रविवारी, कपेलं असा शब्दच नाय म्हनून? मग हे कपेलं नाय, असं कशावरून?"

सरांनी उरलेली प्लेट निमूटपणे खाल्ली. शाळेतल्या कुठल्याही वर्गात असा मुलगा त्यांना मिळाला नव्हता.

घरी येऊन त्यांनी शब्दकोश पुन्हा उघडला. आई उद्या दुपारी फेरीबोटीवर चढणार होती. 'कपोत'पासून ते या वेळी उलटे निघाले. कपिला, कपि, कपाळ, आणि तिथे, इतके दिवस डोळ्यांसमोर असलेला शब्द त्यांना दिसला. 'कपाल.' अर्थ, डोक्याची कवटी. दुसरा अर्थ, खापर. खापर! खापरावर भाजतात ते कपेलं! सर उठून उभे राहिले. आनंदाच्या भरात त्यांनी चष्मा घालूनच डोळे पुसले.

अर्ध्या तासात खाली सूचनाफलकावर त्यांच्या वळणदार अक्षरातला कागद लागला.

'पुनर्विचारांती पंचांच्या असे निदर्शनास आले आहे की, कपेलं हा शब्द संस्कृत कपाल म्हणजे खापर यावरून आलेला असून, खापरावर भाजलेला पदार्थ या अर्थी तो पूर्णतः शुद्ध आहे. सबब शब्द ग्राह्य. विजेता बी विंग. तवा हस्तांतरित व्हावा.'

कचेरीतून येताना करुणाने तो कागद दोनदा वाचला.

"छान लिहिलंय," ती वर येऊन म्हणाली. "ते 'सबब' तर फारच छान."

आणि ती हसली. ते हसणं बरोबर वाटत नव्हतं. पण त्या रात्री आमटीत मीठ होतं, त्यामुळे सरांनी जास्त खोलात जायचं टाळलं.

शनिवारी सुंदराबाई आल्या. सोबत तांदळाचं पीठ, चार नारळ आणि एका फडक्यात बांधलेला सुका जवळा. डोळे दाखवून झाले, थेंब मिळाले. सूचनाफलकासमोरून जाताना सरांनी त्यांना मुद्दाम हळू चालवलं, पण डोळ्यांत थेंब होते, त्यांना जिनाच धड दिसत नव्हता.

रविवारी सकाळी सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसल्या, सर टेबलाशी बसले आणि करुणाने घावनं घालायला घेतली. तेवढ्यात बेल वाजली. दारात नसीमा उभी. पायाशी पदर धरून मनाल, दोन्ही हातांत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवा.

"घे गो तुझा तवा," कागद सोडून तवा टेबलावर ठेवत ती करुणाला म्हणाली. तिचा चेहरा लेक सासरी पाठवल्यासारखा झाला होता. "सात दिवस मुरवलाय. नवा तवा कुनीपन दील, मुरवलेला तवा कोन देतंय? पन सरांचा निकाल हाय. निकाल म्हंजे निकाल."

"कसला निकाल?" सुंदराबाईंनी विचारलं.

सर याच क्षणाची वाट पाहत होते. ते खुर्चीवरून उठले, वर्गात उठतात तसे. "आई, तू कपेलं म्हणतेस ना? लोक म्हणाले, असा शब्दच नाही. मी शोधून काढला. तुझा शब्द थेट संस्कृतातला निघाला! कपाल म्हणजे खापर, त्यावरून कपेलं. अगदी शुद्ध."

सुंदराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"अरे नको हसवूस मना, डोल्यात थेंब घातलंय."

"हसायला काय झालं?"

"माजा शबूद कुटला रे बाला? तुजा हाय तो."

"माझा?"

"तू व्हतास दोन-अडीच वर्साचा. मी घावनं घालीत व्हती. शेवटचं टाकलं आन् भायेर कुनी हाक मारली म्हनून गेली. येऊन बगतंय तर कोलसा झालेला. तुज्या बापसाला बोलली, ह्ये करपल्यालं हाय, ह्ये मी खातंय. तर तू आलास धावत, घेतलंस हातातनं आन् खाल्लंस की सगलं! दुसऱ्या दिवशी चांगलं घावन दिलं तर फेकलंस. रडाय लागलास. 'कपेलं दे, कपेलं दे.' आमाला कलंना ह्ये पोर मागतंय काय. मग ध्यानात आलं, तुला करपल्यालं बोलायचं व्हतं. र म्हनता यायचा नाय तुला."

सर बसले.

"मग रोज मुद्दाम करपवायला लागली. पीठ थोडंच असायचं, भांडं इसलून पानी घालायची, तुजं तेवडं पोट भरायचं. तुजा बापूस तर मरेपरेंत कपेलंच बोलायचा. आन् तू संस्कुरत काय सांगतोस मना?"

 सर करुणाकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आईंनी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आठ मोजून झाल्यावर सुचलं ते तोंडातून गेलं. पण गेल्यावर म्हटलं, पंच तुम्ही आहात. दुसरं काही नाही तर स्वतःचा शब्द तरी ओळखाल."

नसीमा इतका वेळ हिशेब जुळवत होती. आता ती पुढे सरकली.

"थांबा थांबा. म्हंजे शब्द सरांचा?"

"हो," सर म्हणाले.

"आनि पंच पन सर?"

"हो."

"म्हंजे पंचांनी सवताच काढलेला शब्द सवताच पास केला, आनि सवताच्या बायकोला तवा दिला?"

मोहिते सरांची नजर शब्दकोशाकडे गेली. याचं उत्तर त्यातही नसावं. नसीमाने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं आणि तवा पुन्हा गुंडाळायला घेतला. मघापेक्षा तिचे हात बरेच चपळ चालत होते.

"ने गो, ने," करुणा डोळे पुसत म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "तुझाच तो. पण शेवटचं पीठ उरलंय, एक टाकून तर बघू तुझ्या तव्यावर."

तवा गॅसवर चढला. करुणाने भांड्यात कांदा, खोबरं, मिरची घातली आणि भांडं विसळून पाणी त्यातच ओतलं. नसीमा कमरेवर हात ठेवून बारकाईने बघत होती. "बस, उलट आता," ती म्हणाली. "नाय, थांब जरा," सुंदराबाई पाटावरून म्हणाल्या, "करपू दे." कडा तपकिरी झाल्या, मग काळ्या झाल्या, आणि सबंध कपेलं एका झटक्यात सुटून आलं. सात दिवसांच्या मेहनतीचं ते फळ पाहून नसीमाचा ऊर भरून आला.

करुणाने पहिला तुकडा मोडला आणि आठ दिवस ताट पुढे करून बसलेल्या नवऱ्याकडे हात नेला. पण वाटेत मनाल उभी होती. तिने तो तुकडा मधल्या मधे घेतला, तोंडात घातला, काळी कड चावली आणि मोकळा हात पुढे केला.

"पेलं," मनाल म्हणाली.

 सुंदराबाई, करुणा, नसीमा, तिघींनीही सरांकडे पाहिलं. सरांनी सवयीने तोंड उघडलं, बोटही वर केलं. मग ते आईकडे बघत राहिले. आई पदराने डोळ्यांतले थेंब टिपत होती आणि ते सगळेच थेंब औषधाचे असतील असं वाटत नव्हतं. सरांनी बोट खाली घेतलं.

"करुणा," ते म्हणाले, "तिला अजून थोडं पेलं दे."